मुंबई–न्यूयॉर्क अंतर एकच, मग जाताना १६ तास आणि येताना १४ का?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी थोडक्यात परत मांडते. आई-बाबा सांगलीहून पहिल्यांदाच न्यू जर्सीला येतायत. तुम्ही नेटवर मुंबई ते न्यूयॉर्क अंतर बघितलं तर साडेबारा हजार किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, भागाकार केला तर १४ तास. एका साइटवर १५ तास २० मिनिटं, तिकिटावर जाताना १६ च्या वर, परतीचं १४ च्या आसपास, आणि नुसत्या वेळा बघितल्या तर रात्री १.३० ला निघून त्याच दिवशी सकाळी ७.३० ला उतरतंय, म्हणजे सहाच तास! यातलं खरं कुठलं, बाबांना इन्शुलिन आहे तर वेळ कशी धरायची, आणि थेट विमान घ्यावं की दुबई किंवा फ्रँकफर्टवरून, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये आहे. विमान निघायच्या आधी त्याचा रस्ता, इंधन, वेळ, वाटेत गरज पडली तर कुठे उतरायचं हे सगळं ठरवून कॅप्टनच्या हातात फ्लाइट प्लॅन द्यायचा, हे आमचं काम. त्यामुळे हा हिशोब रोजचाच आहे. तुम्ही अंतर विचारताय पण तुम्हाला खरं हवंय ते वेगळंच, बाबा घरातून निघाल्यापासून तुमच्या घरी पोहोचेपर्यंत किती तास जातात आणि त्यातले किती खुर्चीत बसून. त्याचं उत्तर अंतरावरून निघत नाही. महिना कुठला, कंपनी कुठल्या देशाची, त्या आठवड्यात कुठल्या देशाचं आकाश बंद आहे आणि वर वारा किती आहे, या चार गोष्टींवर तो आकडा तासा-दीड तासाने सहज हलतो. म्हणून एकच आकडा कुणी छातीठोक सांगितला तर त्यावर जाऊ नका.

आता अंतर. नेटवर दिसणारे साडेबारा हजार किलोमीटर बरोबरच आहेत, फक्त ते दोन एअरपोर्टमधलं पृथ्वीच्या गोल पाठीवरचं सगळ्यात कमी अंतर आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, आफ्रिकेचं वरचं टोक आणि मग अटलांटिक अशी जाते, पण ती रेघ सगळ्यात जवळची नाही. घरात ग्लोब असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि घट्ट ताणा. दोरा कंदाहारच्या बाजूने, तुर्कमेनिस्तान, कॅस्पियन समुद्राचं वरचं टोक असं करत जवळजवळ मॉस्कोवरून जातो, तिथून हेलसिंकीजवळून, नॉर्वे ओलांडून आइसलँडच्या खालच्या अंगाला, ग्रीनलंडचं दक्षिण टोक चाटून कॅनडात शिरतो आणि मग खाली न्यूयॉर्कला. सगळ्यात वर तो ६४-६५ अंश उत्तरेपर्यंत जातो. मुंबई १९ अंशावर आणि न्यूयॉर्क ४१ च्या जवळ, तरी वाट इतकी वरून जाते. बऱ्याच जणांना हे पटत नाही, एकदा दोरा ताणून बघितला की पटतं.

मैलांचाही गोंधळ होतो, तो इथेच मिटवून टाकू. एखाद्या साइटवर ७,७९० मैल दिसतील आणि दुसरीकडे ६,७७०, दोन्ही बरोबर. पहिले साधे मैल, दुसरे नॉटिकल मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटरचे, विमानाचं सगळं काम त्यातच चालतं. आणि त्या अंतर सांगणाऱ्या साइट वेळ काढतात ती अशी की ताशी ८०० किंवा ८५० वेग धरायचा, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकायचा, झालं. जाणं आणि येणं दोन्हीला तोच आकडा देतात, यावरूनच ओळखायचं की त्यात वारा धरलेला नाही, आणि वारा न धरलेली वेळ लांबच्या प्रवासात काही कामाची नाही.

बरं, दोऱ्याच्या त्या वाटेने विमान जातं का? हल्ली नाही, आणि इथे कंपनी कुठल्या देशाची हा प्रश्न येतो. अमेरिकन कंपन्यांना मार्च २०२२ पासून रशियाचं आकाश बंद आहे, युरोपातल्या बहुतेक कंपन्यांनाही, त्यामुळे मॉस्कोवरून जाणारी वाट त्यांच्यासाठी संपली. भारतीय कंपन्यांना रशियाची मनाई नाही, पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, आपणही त्यांना बंद केलं, आणि मग दर महिन्याला मुदत वाढत गेली. याआधी २०१९ मध्ये बालाकोटनंतर फेब्रुवारीच्या अखेरीपासून १६ जुलैपर्यंत असंच बंद होतं. पाकिस्तान बंद म्हणजे दोऱ्याच्या वाटेचा पहिला टप्पाच गेला, म्हणून विमान मुंबईहून अरबी समुद्रावर निघतं, ओमानकडे जातं, आखाताच्या बाजूने इराण किंवा सौदी-इराक, मग तुर्कस्तान, युरोप आणि अटलांटिक. त्यात मधेच युद्ध पेटलं की अजून वळसा. १३ जून २०२५ ला इराण आणि इराकचं आकाश एकदम बंद झालं तेव्हा वाटेत असलेली कितीतरी विमानं परत फिरवावी लागली नाहीतर भलतीकडे उतरवावी लागली, अशा दिवशी आमच्याकडे प्रत्येक स्क्रीनसमोर दोन-दोन माणसं उभी असतात आणि प्रत्येक विमानात इंधन किती शिल्लक आहे एवढाच विषय असतो.

पण या वळशाचा बाऊ करू नका, निदान मुंबईहून जाताना तरी. मुंबईहून मस्कत, मस्कतहून इस्तंबूल आणि तिथून न्यूयॉर्क असे तीन तुकडे जोडले तर जवळपास १३,००० किलोमीटर होतात, म्हणजे दोऱ्याच्या वाटेपेक्षा साडेचारशेच्या आसपास जास्त, अर्ध्या तासाचा फरक. मुंबई समुद्राकाठी आहे, विमान उडालं की लगेच पश्चिमेला वळतं, पाकिस्तान टाळायला फार वेगळं काही करावं लागत नाही. दिल्लीचं तसं नाही, दिल्लीच्या विमानाला आधी खाली गुजरातकडे यायचं आणि मग समुद्रावरून पश्चिम गाठायची, म्हणून त्याचा वेळ खूप वाढतो, त्यातल्या काही विमानांना अमेरिकेला जाता-येता व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी थांबावं लागलं. म्हणून दिल्लीहून गेलेल्या नातेवाईकाने सांगितलेले तास तुमच्या आई-बाबांना लावू नका. आणि मुंबईच्या विमानालासुद्धा प्रत्यक्षात अगदी सरळ तुकडे मिळत नाहीत, नेमून दिलेल्या हवाई वाटांवरून आणि ठरलेल्या बिंदूंवरून जावं लागतं, त्यात आणखी शंभर-दोनशे किलोमीटर जातात.

आता मुख्य गोष्ट, वारा. विमानाचा वेग ताशी ९०० म्हणतो तो भोवतालच्या हवेतला वेग, जमिनीवरचा नाही. बोईंग ७७७ सारखं विमान ३५ हजार फुटांवर माक ०.८४ ने, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ८४ टक्क्यांनी जातं, तो साधारण ४८५ नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल), म्हणजे ताशी ९०० किलोमीटर होतो. पण हवा स्वतःच वाहत असते. पावसाळ्यात कृष्णेला पाणी असताना होडी प्रवाहाबरोबर सोडली तर किनारा भराभर मागे जातो आणि उलट वल्हवली तर हात भरून येतात तरी माणूस जागेवरच वाटतो, तसंच आहे हे, होडीवाल्याचा जोर दोन्ही वेळा तेवढाच असतो. उत्तर गोलार्धात ३० ते ४० हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यात १०० नॉट वारा नेहमीचा, कधीकधी १५०-२०० नॉटपर्यंत जातो. फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा वादळाच्या वेळी न्यूयॉर्कहून लंडनला ब्रिटिश एअरवेजचं जम्बो ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं, जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. विमानाने वेगळं काही केलं नव्हतं, हवाच त्याला घेऊन गेली.

आमच्या फ्लाइट प्लॅनचा कागद बघितलात तर हे लगेच कळेल. प्रत्येक बिंदूसमोर वारा लिहिलेला असतो, २७०/१२० असा, म्हणजे २७० अंशांवरून, अगदी पश्चिमेकडून, १२० नॉट. आणि वरच्या बाजूला सगळ्या वाटेची सरासरी एका आकड्यात, समोरून वारा असेल तर एम०३५, मागून असेल तर पी०५०, एम म्हणजे मायनस आणि पी म्हणजे प्लस. त्याच कागदावर दोन अंतरं असतात, एक जमिनीवरचं आणि एक हवेतलं, आणि इंधन ठरतं ते हवेतल्या अंतरावर. समजा जाताना वाट १३,१०० किलोमीटरची आहे आणि सरासरी ३५ नॉट वारा समोरून आहे, तर विमानाला हवेतून १४,१०० किलोमीटर कापावे लागतात आणि नुसतं हवेत पावणेसोळा तास होतात. येताना वाट १३,००० ची आणि ५० नॉट मागून, तर हवेतलं अंतर ११,८०० च्या आत आणि तेरा तास दहा मिनिटांत काम होतं. म्हणजे तीच दोन शहरं, पण विमानाच्या लेखी जाणं-येणं यात तेवीसशे किलोमीटरचा फरक. तुमच्या १६ आणि १४ चं उत्तर ते हे आहे.

यात अजून एक बारीक गोष्ट आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही. जाताना जेवढं नुकसान तेवढाच येताना फायदा, असं होत नाही. दोन्ही वेळा ५० नॉटच वारा धरा, समोरून असताना साडेसहा हजार किलोमीटरला जेवढा वेळ वाढतो त्यापेक्षा मागून असताना कमी वाचतो, कारण समोरच्या वाऱ्यात विमान हळू जातं म्हणून त्या वाऱ्यात जास्त वेळ अडकून राहतं. म्हणून आम्ही जाताना जेट स्ट्रीम चुकवतो, थोडं लांब पडलं तरी वरून किंवा खालून जातो, आणि येताना मुद्दाम त्यात शिरतो. अटलांटिकवर तर या वाटा रोज वाऱ्याप्रमाणे नव्याने आखल्या जातात, दिवसा पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी वेगळ्या, रात्री पूर्वेला येणाऱ्यांसाठी वेगळ्या. त्यामुळे स्क्रीनवरच्या नकाशात विमान आज आइसलँडजवळून गेलं आणि उद्या कितीतरी खालून गेलं तर घाबरायचं नाही, पायलट रस्ता चुकलेला नसतो.

कुणीतरी तुमच्या प्रश्नाखाली लिहिलंय की पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेला जाताना न्यूयॉर्कच आपल्याकडे सरकत येतं आणि वेळ वाचायला हवा. तसं नसतं. हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमानही त्या हवेतच असतं, मुंबईच्या रनवेवर उभं असतानाही ते पृथ्वीबरोबर फिरतच असतं. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो तो आडमार्गाने, विषुववृत्ताकडची गरम हवा वर जाऊन ध्रुवाकडे सरकताना पूर्वेकडे वळते आणि त्यातून हे पश्चिमेचे वारे तयार होतात. म्हणजे झालं तर नुकसानच होतं.

आता तिकिटावरचे तास. तिकिटावर जो वेळ छापतात तो उडण्याचा नसतो, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईत चाकांखालचे अडसर, म्हणजे चॉक काढून विमान गेटवरून मागे ढकललं तिथपासून न्यूयॉर्कला गेटवर थांबून परत चॉक लागेपर्यंत. यात रनवेपर्यंत जाणं, रांगेत उभं राहणं, उतरल्यावर गेट रिकामं व्हायची वाट बघणं सगळं आलं. मुंबईत दोन रनवे आहेत पण ते एकमेकांना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येतो, आणि रात्री १२ ते ३ मध्ये परदेशी विमानांची एकच गर्दी असते. न्यूयॉर्कच्या जेएफके एअरपोर्टवरून संध्याकाळी निघताना तर गेटपासून रनवेपर्यंत सरकण्यातच अर्धा-पाऊण तास जाणं काही नवल नाही, जानेवारी-फेब्रुवारीत पंखांवरचा बर्फ काढायला औषध फवारतात तो वेळ वेगळा. कंपन्या हे सगळं धरून, त्या ऋतूतला वारा धरून, वर थोडी मोकळीक ठेवून ब्लॉक टाइम ठरवतात. म्हणूनच विमान अर्धा तास उशिरा निघून वेळेवर पोहोचतं आणि लोक म्हणतात पायलटने पळवलं. पायलटने पळवलेलं नसतं, माक ०.८४ चं ०.८६ केलं तरी अख्ख्या प्रवासात वीस मिनिटांच्या आसपास वाचतात आणि इंधन भरपूर जळतं. जास्तीचं इंधन घेऊन निघायचं म्हटलं तरी इतक्या लांबच्या प्रवासात त्या जादा इंधनाचा चांगला तिसरा हिस्सा ते वाहून नेण्यातच संपतो, त्यामुळे टाकी भरून घ्या आणि जोरात चला असं करता येत नाही.

घड्याळाच्या सहा तासांचं सोपं आहे पण औषधासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून नीट सांगते. तिकिटावर निघायची वेळ मुंबईची, पोहोचायची न्यूयॉर्कची. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ तास, कारण तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. आपल्याकडे घड्याळ हलत नाही. मग रात्री १.३० ते सकाळी ७.३० हे दिसायला सहा, त्यात साडेदहा मिळवले की साडेसोळा, आणि त्याच वेळा जुलैत असत्या तर साडेनऊ मिळवून साडेपंधरा. परतीला उलट, घड्याळाचा फरक वजा करायचा. तुम्हाला स्वतः हिशोब करायचा कंटाळा असेल तर तिकिटाच्या पीडीएफमध्ये प्रत्येक विमानासमोर एकूण तास लिहिलेले असतात तेच धरा, आणि एकापेक्षा जास्त विमानं असतील तर मधला थांबा त्यात धरलाय की नाही ते तपासा, काही ठिकाणी धरतात, काही ठिकाणी नाही.

म्हणजे इथपर्यंतचा हिशोब असा: थेट विमानाने मुंबई-न्यूयॉर्क जाताना सोळा तास धरून चला आणि हिवाळ्यात अर्धा-एक तास जास्त लागला तरी नवल मानू नका, येताना चौदा ते साडेचौदा. न्यू जर्सीतल्या नेवार्क एअरपोर्टचं तिकीट मिळालं तरी हाच हिशोब, जेएफके आणि नेवार्क आकाशातून अगदी जवळ आहेत, फरक पडेल तो उतरल्यावर तुमच्या घरापर्यंतच्या रस्त्यात, न्यू जर्सीला नेवार्क सोयीचं.

थेट की थांबा, यात अंतर मधे आणूच नका. दुबईवरून गेलात तर मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई-न्यूयॉर्क ११,००० धरून १३,००० ला थोडे कमीच होतात. फ्रँकफर्टवरून तर ६,५७० अधिक ६,१९०, म्हणजे १२,७६०, दोऱ्याच्या वाटेपेक्षा जेमतेम सव्वादोनशे जास्त. फ्रँकफर्ट नकाशावर वाकडी वाट वाटते पण ग्लोबवर ते जवळपास वाटेतच आहे. थांब्याचा जो वेळ वाढतो तो जमिनीवर वाढतो. मधे दोन तास असतील तर एकूण १९-२० तास, सहा तास असतील तर २४. आता ६५-७० च्या माणसांसाठी कुठलं बरं? माझं मत विचाराल तर पहिल्यांदा येणाऱ्या, इंग्रजीची सवय नसलेल्या आई-बाबांना थेट विमान. एकदा बसवलं की उतरायचं ते तुमच्या समोरच, मधे सुरक्षा तपासणी नाही, गेट शोधणं नाही, सामानाची काळजी नाही. याच्या विरुद्धही एक चांगलं कारण आहे ते मी लपवत नाही, सोळा तास सलग बसणं पायांना वाईट, पायात रक्ताची गाठ होण्याचा त्रास ज्यांना पूर्वी झालाय किंवा ज्यांचे गुडघे अगदी धरलेले आहेत त्यांना मधे दोन-तीन तास उतरून चालायला मिळालं तर बरं पडतं. तसं असेल तर दुबईचे साडेतीन तास आणि मग चौदा तास अशी विभागणी घेण्यापेक्षा युरोपातला थांबा घ्या, नऊ-साडेनऊ आणि आठ-साडेआठ असे जवळपास समान तुकडे पडतात. दुबईत उतरून काही फायदा नाही, मोठा टप्पा तसाच राहतो. आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत, वेगवेगळी काढून पैसे वाचवायला जाऊ नका, पहिलं विमान वाऱ्यामुळे किंवा वळशामुळे उशिरा आलं तर एका तिकिटावर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची असते, दोन तिकिटं असतील तर नसते. मधे निदान अडीच-तीन तास ठेवा. व्हीलचेअर दोघांसाठीही आत्ताच बुकिंगमध्ये टाका, चालता येत असलं तरी, ती ढकलणारा माणूस त्यांना इमिग्रेशनपासून गेटपर्यंत नेतो हाच खरा उपयोग.

आता बाबांच्या इन्शुलिनचं. मी डॉक्टर नाही, डोस किती आणि कधी हे त्यांच्या डॉक्टरांनीच सांगायचं. पण डॉक्टरांकडे जाताना 'रात्री दीडचं विमान आहे' एवढंच सांगून उपयोग नाही, त्यांना तासांचा तक्ता द्या आणि तो सगळा मुंबईच्या वेळेत लिहा. उदाहरणार्थ, दुपारी १२ ला सांगलीहून निघणार, पावणेचारशे किलोमीटर, घाटात आणि पनवेलला ट्रॅफिक धरून संध्याकाळी ८ पर्यंत मुंबई, रात्री ९.३० ला एअरपोर्ट, १.३० ला विमान, दुसऱ्या दिवशी मुंबईच्या वेळेने संध्याकाळी ६ ला न्यूयॉर्क, इमिग्रेशन आणि सामान धरून रात्री ८, तुमच्या घरी ९.३०-१०. म्हणजे दारापासून दारापर्यंत ३४ तास, आणि त्यातले विमानातले फक्त निम्मे. डॉक्टरांना हे दिसलं की ते प्रत्येक जेवण आणि डोस बसवून देतात. विमानात जेवण साधारण उडाल्यावर तासा-दीड तासाने आणि उतरायच्या दोन तास आधी येतं, मधे आठ-दहा तास हलकं काहीतरीच मिळतं, म्हणून मधल्या वेळेला लाडू, खाकरे, बिस्किटं असं कोरडं काही हाताशी हवं. न्यूयॉर्कला उतरल्यावर खाण्याचं सोबत आहे असं कस्टमच्या माणसाला सांगायला सांगा, फळं आणि भाज्या नेऊच नका. इन्शुलिन कायम केबिन बॅगेत, चेक-इनच्या सामानात नको, तिथे ते गोठण्याचा आणि हरवण्याचा दोन्ही धोका आहे. प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत, औषधाचं मूळ नाव लिहिलेलं. आणि बाबांच्या हातातलं घड्याळ प्रवासभर मुंबईच्या वेळेवरच राहू द्या, तुमच्या घरी पोहोचून जेवल्यावर बदला.

शेवटचं म्हणजे तुम्हाला नक्की आकडा कधी कळेल. तिकीट काढायच्या आधी विमानाचा नंबर घेऊन फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर टाका आणि मागच्या आठवड्यातल्या प्रत्येक दिवशी प्रत्यक्ष किती तास लागले ते बघा. एक दिवस बघू नका, सात-आठ दिवस बघा, त्यात वारा, वळसा, गर्दी सगळं आपोआप आलेलं असतं आणि विमान कुठून गेलं तेही दिसतं. पण तुम्ही ऑक्टोबरचं तिकीट जूनमध्ये काढत असाल तर जूनचे आकडे थोडे कमी निघतील, हिवाळा जवळ आला की पश्चिमेला जाताना वेळ वाढत जातो. मग प्रवासाच्या आदल्या आठवड्यात परत एकदा बघा, आणि निघायच्या दिवशी दुपारी कंपनीच्या ॲपवर. आमचा फ्लाइट प्लॅन विमान सुटायच्या काही तास आधीच तयार होतो, ताज्या वाऱ्यावर, त्यामुळे खरी पोहोचायची वेळ त्यानंतरच पक्की होते. विमान मुंबईहून उडालं की ॲपवर जी वेळ दिसते ती धरून एअरपोर्टला या, आणि त्यानंतर आई-बाबा बाहेर यायला दीड-दोन तास लागले तर काळजी करू नका, इमिग्रेशनच्या रांगेत फोन वापरू देत नाहीत म्हणून ते उचलणार नाहीत. महिना आणि कंपनी ठरली की इथेच लिहा, तेव्हाचा वारा आणि वाट बघून अजून नीट सांगते.